फोनवरची बाई

कपडे धुवायचं मशीन मध्येच बंद पडलं तेव्हा त्याच्या पोटात पाण्यासकट दोन चादरी आणि बरेचसे मोजे अडकले होते, आणि दार काही केल्या उघडत नव्हतं. तिने सगळी बटणं दाबून पाहिली, वायर काढून परत लावली, वरून एक थापही मारली. शेवटी मशीनच्या पाठीवर चिकटवलेला कंपनीचा नंबर मान वाकडी करून वाचला आणि फोन लावला. दोनदा रिंग वाजली आणि पलीकडून एक बाई बोलायला लागली. “नमस्कार. आपली अडचण आम्हाला समजते. कृपया थोडं थांबा. आम्ही आहोत.” आवाज तिचाच होता. यात नवल वाटण्यासारखं खरं तर काही नव्हतं. फोनवरच्या सूचना रेकॉर्ड करणं हा तिचा गेल्या कित्येक वर्षांचा धंदाच होता. शहरातल्या निम्म्या बँका, दवाखाने आणि गॅसवाले तिच्याच तोंडून लोकांना ताटकळत ठेवत. स्वतःचा आवाज असा अवचित भेटला की ती एरवी फारतर “इथे श्वास जरा लवकर घेतलाय” एवढं मनात नोंदवून पुढे जाई. हे वाक्य तर तिला चांगलं आठवत होतं. स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टने, ज्याला सगळे कानसेन म्हणत, काचेपलीकडून सांगितलं होतं, “ताई, ‘आम्ही आहोत’ला थोडी माया घाला.” तिने माया घातली होती, आणि घालताना तिच्या डोक्यात घरी जाताना साबण घ्यायचा आहे हा विचार होता. पण त्या दिवशी, ओल्या फरशीवर बसून, ती त्या बाईला मोठ्याने “थांबते” म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. कारण अगदी साधं होतं. इतक्या मायेने तिच्याशी कित्येक महिन्यांत कुणी बोललंच नव्हतं. स्वतःच मारलेल्या थापेला स्वतःच भुलावं, हा प्रकार तिला इतका लाजिरवाणा वाटला, की पलीकडे खरा माणूस फोनवर आला तेव्हा तिने गडबडीने फोन ठेवून दिला आणि मशीन तसंच पाणी पोटात धरून दोन दिवस उभं राहिलं.

घरात ती एकटी होती. टिल्लीच्या बाबांपासून ती फार पूर्वी वेगळी झाली होती, आणि त्या दोघांत सभ्यपणा एवढा, की वेगळं होतानाही शेजाऱ्यांना आवाज गेला नाही. टिल्ली म्हणजे तिची मुलगी. लहानपणी अंगापिंडाने एवढीशी म्हणून पडलेलं नाव, ती आईपेक्षा उंच झाली तरी कुणी बदललं नाही. ही टिल्ली काही महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ओट्यावर चढून बसली, पाय हलवत बसली, आणि म्हणाली की मी वर्षभर कॉलेजला गेलेलेच नाही. रोज सकाळी घरातून निघते, संध्याकाळी परत येते, मधे कॉलेज नाही. परीक्षा दिली म्हणून सांगितलं तेही खोटं. बोलताना तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. आणि आईने गॅस बारीक केला, वळली, आणि म्हणाली, “ठीक आहे. काळजी करू नकोस. आपण यातून मार्ग काढू. आधी दोन घास खाऊन घे.” वाक्यं अगदी नेमकी पडली; एकही शब्द कुठे घसरला नाही. टिल्ली तिच्याकडे बघत राहिली. “एक दाबू की दोन?” तिने विचारलं. “काय?” “मार्ग काढायला. एक दाबू की दोन? की मुख्य यादीकडे परत जाऊ?” मग ती ओट्यावरून खाली उतरली. “ओरड ना गं एकदा. वर्षभर फसवलंय मी तुला. काहीच होत नाही तुला?” त्यावर आई म्हणाली, “तू दमली आहेस, टिल्ली.” त्याच आठवड्यात टिल्लीने बॅग भरली आणि मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. एका रोपवाटिकेत काम करते एवढं कळलं. त्यानंतर आईने पाठवलेल्या प्रत्येक निरोपाला उत्तर म्हणून एक उभा अंगठा येई, बाकी काही नाही. त्या अंगठ्याकडे ती पुन्हा पुन्हा बघे, आणि तरीही पुढचा निरोप तितकाच सुबक लिही.

मशीनचा फोन झाल्यावर आठवड्याभराने ती एका समुपदेशकाकडे गेली. गेली म्हणजे आधी इमारतीला दोन फेऱ्या घातल्या, समोरच्या दुकानात नको असलेली छत्री बघितली आणि मग गेली. तो माणूस गुळगुळीत होता. त्याने तिचं ऐकून घ्यायच्या आतच तिला डोळे मिटून श्वास मोजायला लावले. श्वासाबद्दल तिला कुणी शिकवावं हे म्हणजे जरा अतीच. तिचं पोट त्यावरच चालत होतं. वर निघताना तो म्हणाला, “तुमचा आवाज फार शांत आहे हो, तुम्हाला माझी गरजच नाही.” ती हसली, आभार मानले, आणि घरी येऊन दार लावून बराच वेळ दाराशीच उभी राहिली. आपल्याला काही होतंय हे आपल्या आवाजावरून कुणालाच कधी कळणार नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा लख्ख कळलं, आणि त्याची भीती वाटली.

दुसऱ्या समुपदेशक बाई होत्या; त्यांचा पत्ता कानसेनने दिला. त्याने काही विचारलं नाही. एका रेकॉर्डिंगनंतर हेडफोन गळ्यात अडकवून तो एवढंच म्हणाला, “ताई, हल्ली तुमचे दोन वाक्यांमधले श्वास जड येतात. मी कापून टाकतो, क्लायंटला कळत नाही. पण मला ऐकू येतात.” आणि एक कागद पुढे केला. “माझी बायको जायची यांच्याकडे. बघा जाऊन.” बाईंची खोली एका पत्र्याच्या कारखान्यावर होती. जिना चढतानाच खालून ठोकाठोकीचा असा दणका येत होता, की इथे एक ओळसुद्धा रेकॉर्ड होणार नाही हा तिचा पहिला विचार होता. आत दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा हात डगमगता, एक टेबल, आणि बाई. बाई बोलल्या आणि तिला धक्काच बसला. इतका घोगरा, फाटका आवाज तिने क्वचितच ऐकला होता. मधेच चिरके, मधेच पार नाहीसा होई. असल्या आवाजाला स्टुडिओत कोमट पाणी पाजून घरी पाठवतात. “आवाजाचं मनावर घेऊ नका,” बाई म्हणाल्या, “घशाचं ऑपरेशन झालंय. आणि खालचंही मनावर घेऊ नका. ते लोक आमच्या आधीपासून आहेत इथे, आम्ही नंतर आलो. बसा. त्या खुर्चीवर नको, हात निघून हातात येतो.” तिने मनातल्या मनात बाईंचं नाव घोगऱ्या बाई ठेवून टाकलं, आणि बसली.

पहिल्या दिवशी तिने सगळं व्यवस्थित सांगितलं. मुलगी, कॉलेज, मैत्रिणीची खोली. सांगताना एकच गोष्ट घडली, जिच्याकडे तिचं स्वतःचं लक्षही नव्हतं. स्टुडिओत वाक्य चुकलं तर थांबायचं नसतं, हळहळायचं नसतं. एक क्षण गप्प राहायचं आणि तेच वाक्य पहिल्यापासून नीट म्हणायचं. चुकलेलं नंतर कापलं जातं, राहतं ते नीट. ही सवय तिच्या हाडात इतकी मुरली होती की ती भाजीवाल्याशीही तशीच बोले. “माझी मुलगी मला…” ती म्हणाली, गप्प राहिली, आणि पुढे म्हणाली, “माझी मुलगी सध्या मैत्रिणीकडे राहते.” घोगऱ्या बाईंनी तिला तिथे थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मघाशी तुम्ही एक वाक्य सुरू केलं होतंत. ‘माझी मुलगी मला’, एवढं आलं होतं.”

“ते चुकलं होतं,” ती म्हणाली. “मी परत सांगितलं ना.”

“हो, दुसरं छान होतं. पण पहिलंही मी ऐकलंय. आता काय करू?” बाई मिश्किल हसल्या. “इथे कापायला कुणी नाही हो. जे येतं ते सगळंच राहतं. सांगायलाच हवं असं नाही. पण ते वाक्य तुम्हाला पुरं करावंसं वाटलं, तर मला घाई नाही.”

खाली पत्रा ठोकला जात होता. ती खुर्चीच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर, एखाद्या कचेरीत नंबर लागायची वाट बघत बसावं तशी. “टाकून गेली,” ती म्हणाली. ते दोन शब्द नीट आलेच नाहीत. ‘टा’ घशात अडकला आणि ‘गेली’ला हवाच पुरली नाही. इतकं वाईट बोललेलं तिने स्वतःचं कधी ऐकलं नव्हतं. तिने पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा बाईंनी फक्त हात किंचित वर केला. “पोचलं,” त्या म्हणाल्या. “अगदी पोचलं.”

जिना उतरताना तिला विलक्षण झोप आली होती. कारखान्याच्या दारात एक माणूस पत्र्याच्या तुकड्यावर उभा राहून तो सपाट करत होता, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. ती बघत उभी राहिली. आपण कुणापाशी तरी काहीतरी ठेवून आलोय आणि ते तिथे नीट राहील, असं तिला वाटत होतं. ही भावना इतकी अनोळखी होती की तिने पर्स उघडून किल्ल्या आहेत ना ते बघून घेतलं.

मग ती दर आठवड्याला जायला लागली. दरवेळी काही मोठं घडे असं नाही. काही वेळा ती नुसती कामाच्या कटकटी सांगे, काही वेळा दोघी गप्प बसत आणि खालचं ठोकणं ऐकत. एकदा घोगऱ्या बाईंनी विचारलं की हा आवाज तुम्हाला कधीपासून आहे, आणि ती म्हणाली जन्मापासून, आणि बाई म्हणाल्या, “जन्मतः सगळे बोंबलतात.” त्यावर तिला हसू आलं. पण घरी जाताना बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर तिला तो स्वयंपाकघराचा उंबरा आठवला. वय दहा असेल. वडील कामावरून येत ते पावलांवरून कळे. जोडे दाराशी कसे पडले यावर घरातली संध्याकाळ ठरे. जोडे आपटले की आई भांड्यांशी काहीतरी करत राही, पाठ वळवून, आणि मग काहीही पुरे. मीठ जास्त, मीठ कमी, खिडकी उघडी, खिडकी बंद. ताट उडे. एकदा घड्याळ उडालं. आणि त्या उंबऱ्यात उभं राहून दहा वर्षांच्या तिला एक शोध लागला होता, की एका विशिष्ट पट्टीत “बाबा, पाणी आणू?” असं म्हटलं तर हात थांबतो. फार हळू म्हटलं तर “कुजबुजता काय माझ्या पाठीमागे” होई. फार मोठ्याने म्हटलं तर “तूही चढलीस का” होई. दोन्हींच्या मधे एक अरुंद जागा होती, हसू नाही पण हसण्याच्या अलीकडचं काहीतरी, भीती मुळीच नाही, घाई नाही. ती जागा तिला सापडली आणि ती तिथेच राहायला गेली. आई रात्री तिच्या केसांत बोटं फिरवत म्हणे, “माझी गुणाची.” पुढे कुणीतरी म्हणालं, आवाज छान आहे, रेकॉर्डिंग का करत नाहीस, आणि त्या अरुंद जागेवर तिचं सगळं आयुष्य उभं राहिलं, घर, टिल्लीची फी, ते मशीनसुद्धा. वडील शेवटच्या दुखण्यात अगदी गाईसारखे गरीब झाले होते. ती त्यांना पेपर वाचून दाखवी. एकदा मधेच म्हणाले, “तुझा आवाज फार गोड आहे गं.” त्यांना ठाऊक होतं का, तो कुणी घडवला? तिने विचारलं नाही. पुढची बातमी वाचली.

हे सगळं तिने बाईंना सांगितलं तेव्हा बाई पटकन म्हणाल्या, “मग तुम्हाला वडिलांचा राग येत असेल.” तिने लगेच मान डोलावली, हो म्हणाली, दोन वाक्यं जोडूनही दिली, आणि तो तास फार छान पार पडला. पुढच्या आठवड्यात ती बसायच्या आतच घोगऱ्या बाई म्हणाल्या, “मागच्या वेळी मी घाई केली. तुम्ही काय वाटतं ते सांगायच्या आत मीच सांगून मोकळी झाले, आणि तुम्ही भिडेखातर हो म्हणालात. माझं चुकलं.” मोठ्या माणसाने, टोमणा न मारता, कपाळाला आठी न घालता, माझं चुकलं म्हणावं आणि मग चहा घेणार का विचारावं, हे तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. चुकलं म्हणून काही फुटलं नाही. कुणी उठून गेलं नाही. “राग नाही येत,” ती सावकाश म्हणाली. “भीती वाटते. अजून.”

“कशाची?”

“मी आवाज चढवला तर ते येतील.”

“कुठून?”

“माझ्या तोंडातून.” हे बोलताना तिने खरंच तोंडावर हात ठेवला होता. “टिल्ली म्हणाली ओरड. मला ओरडायचं होतं हो. माझ्या कानशिलात ठणकत होतं. पण मी एकदा दार उघडलं तर ते आत येतील आणि ती पोर… ती माझ्याकडे तशी बघेल. मी बघायचे तशी. त्यापेक्षा गेली ते बरं, असंही वाटतं मला. आणि मग वाटतं, ती गेलीच की.”

तुम्ही वडिलांसारख्या मुळीच नाही, असं त्या म्हणतील याची ती वाट बघत होती. सगळे तेच म्हणाले असते. “येतील कदाचित,” घोगऱ्या बाई म्हणाल्या. “थोडेफार तर येतातच सगळ्यांचे. मला एक सांगा, ओरडून झाल्यावर वडील काय करायचे?”

“निघून जायचे. दार आपटून. परत आले की काही झालंच नाही असं वागायचे.”

“आणि तुम्ही ओरडलात, तर नंतर काय कराल?”

तिला प्रश्नच कळला नाही. “मी कुठे जाणार?” ती म्हणाली. “मी तिथेच असेन.”

“हं,” बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यावर थांबल्या. त्यांच्या त्या ‘हं’मध्ये आवाज जवळजवळ नव्हताच, नुसती ऊब होती. रडताना तिला लाज वाटली नाही, हेही त्याच दिवशी पहिल्यांदा झालं. बाईंनी रुमाल पुढे केला नाही, पाठीवर थोपटलं नाही. फक्त खुर्ची थोडी पुढे सरकवून बसल्या, आणि बसून राहिल्या.

बाहेरून बघणाऱ्याला काही बदललेलं दिसलं नसतं. ती स्टुडिओत जाई, लोकांना थांबायला सांगे, एक दाबा, दोन दाबा. मात्र काचेपलीकडे कानसेन एकदा म्हणाला, “ताई, आज चुकलात तर हसलात.” भाजीवाल्याशी बोलताना तिने एक वाक्य अर्धंच सोडलं आणि त्याला ते बरोबर कळलं. एका सकाळी अंघोळ करताना तिने, नळ सोडून, दार लावून, “गाढवा!” असं ओरडून पाहिलं. कुणालाच उद्देशून नव्हतं ते. आवाज टाइल्सवर आपटून परत आला तेव्हा तिने तो नीट ऐकला. तो वडिलांचा नव्हता. तो एका बऱ्यापैकी वैतागलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या बाईचा होता. तिने अंग पुसलं आणि चहा टाकला.

टिल्लीचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि ती इस्त्री करत होती. इतक्या महिन्यांत पहिला फोन. टिल्ली घरमालकिणीशी बोलावं तसं बोलत होती. “बिझी नाहीस ना? पटकन सांगते. मी आता मैत्रिणीबरोबर मोठी जागा घेतेय. माझं बाकीचं सामान न्यायचं होतं. शनिवारी मैत्रीण येईल टेम्पो घेऊन, तुला चालेल ना? मी नाही येणार, उगाच तुला त्रास. कपाट तेवढं उघडं ठेव.” तिच्या ओठांवर उत्तर तयार होतं. हो, चालेल, काही हरकत नाही, मी सगळं बांधून ठेवते. चार वाक्यं, नीट, पट्टीत. तिने इस्त्री उभी केली. “मैत्रीण कशाला?” ती म्हणाली.

“आई, प्लीज. सोयीचं पडतं म्हणून.”

“मैत्रीण कशाला म्हणते मी! तुला पाय नाहीत? स्वतःच्या घरी यायला माणसं पाठवतेस? कुणाचं घर आहे हे?” आवाज चढला होता. तो तिला ऐकू येत होता, फाटलेला, वर जाऊन चिरकणारा, आणि थांबत नव्हता. “वर्षभर खोटं बोललीस माझ्याशी! वर्षभर! रोज तोंडाकडे बघून खोटं! मी मूर्ख म्हणून उठून डबा करत होते! रोज घेऊन जायचीस तो डबा, हसत घेऊन जायचीस, आणि… आणि कुठे खायचीस? कॉलेज नाही, तिथल्या मैत्रिणी नाहीत. कुठे बसून खात होतीस गं तो एकटी?”

पलीकडे मागे कुठेतरी नळ वाहत होता, बहुधा रोपांना पाणी चाललं होतं. फोन ठेवावा, आत्ता ठेवावा, मग संध्याकाळी एक सुबक निरोप पाठवावा असं तिच्या हाताला वाटत होतं, आणि तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

“लायब्ररीच्या मागे,” टिल्ली म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. “तिथे एक बाक आहे. थंडीत जिन्यात बसायचे.”

“जिन्यात,” ती म्हणाली.

“हो.”

“टिल्ली, मी… मी ओरडले का गं फार? घाबरलीस?”

“नाही,” टिल्ली म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. “नाही गं आई. अजून थोडं ओरड.”

तिने तोंड उघडलं, पण ओरडण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. ती नुसती रडत राहिली, मोठ्याने, हुंदके देत, वेडीवाकडी, आणि पलीकडे टिल्लीने फोन ठेवला नाही.